थिर्झाचा डावा गाल

लंडन, १४ जानेवारी १८७३

केझाया,

पार्सल परत मिळालं. दोरीची गाठ तुझीच. पुस्तक उघडून पाहिलंस एवढं तरी कळलं, कारण अकराव्या पानात तुझी चिठ्ठी सापडली. तीन शब्द. "ही कोण आहे?" दोन वर्षांत तुझं एवढंच अक्षर माझ्या वाट्याला आलं.

असं काय विचारतेस? ती थिर्झा आहे. तुझी थिर्झा. पुस्तकात तिचं नाव पॉली ठेवलंय, कारण प्रकाशक मिस्टर पेनफोल्ड म्हणाले, थिर्झा म्हणता म्हणता मुलांच्या जिभेला गाठ बसेल. कविता कुणा पाद्र्याच्या बायकोच्या आहेत. गल्लीतली सात मुलं सुटलेल्या हंसामागे धावतात, एवढीच गोष्ट. सगळ्यांत पुढे पॉली. एक मोजा घोट्यावर उतरलेला, समोरचा दात पडलेला, टोपी पाठीवर लोंबतेय. आता सांग, व्हिटबीच्या धक्क्यावर अशी पोर कुणी पाहिली नव्हती का?

तुझ्या मनात काय आलं असेल ते मला कळतं. मुलगी गेली आणि बहिणीनं तिचं पुस्तक करून बाजारात मांडलं. पण केझी, तिनं स्वतःच मला सांगितलं होतं. आजारपणात, उशीला टेकून बसलेली असताना म्हणाली, "मावशी, मला पळताना काढ." मी शब्द दिला आणि तो पाळला. यात पाप कुठे आहे?

गालावरचा तिचा भाजल्याचा डाग चित्रात नाही, हे तू पाहिलंच असशील. माझं चित्र लाकडाच्या ठोकळ्यावर असतं आणि तो कोरतात म्हातारे गॉस्लिंग. सत्तरी उलटली त्यांची. बारीक रेघा आता त्यांना झेपत नाहीत. त्यात तो राहून गेला, बस.

बारा वर्षं मी दुसऱ्यांची चित्रं कोरण्यात आणि आजीबाईच्या औषधांच्या जाहिरातींना नक्षी काढण्यात घालवली. पहिल्यांदाच मुखपृष्ठावर "चित्रे : डॉर्कस रायमर" असं छापून आलंय. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बोटींवर नावं रंगवली, स्वतःचं नाव कुठेच नाही. ते असते तर पुस्तक बगलेत मारून अख्ख्या बंदरावर फिरले असते. तू मात्र ते परत पाठवलंस.

एक ओळ लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी डॉर्कस


लंडन, २ मे १८७३

केझाया,

उत्तर नाही. ठीक आहे.

हेप्झिबा मावशीचं पत्र आलं. तुला मुलगी झाली, रूथ नाव ठेवलं, दोघी सुखरूप आहात. मी पत्र हातात धरून तशीच जिन्यात बसले. खालची भाडेकरीण म्हणाली, "वाईट बातमी का हो?" मी म्हटलं, "नाही हो, फार चांगली." ती विचित्र नजरेनं बघत निघून गेली.

इकडची हकीगत अशी की पुस्तक धावतंय. दुसरी आवृत्ती संपली. पेनफोल्डच्या दुकानाच्या काचेवर दिवसभर मुलांची नाकं चिकटलेली असतात आणि नोकर ओल्या फडक्यानं डाग पुसत राहतो. मुलं पत्रं पाठवतात. एकीनं विचारलंय, पॉलीचा मोजा तिची आई वर का ओढत नाही? दुसऱ्या एकाला त्या हंसाचं शेवटी जेवण झालं का ते हवंय. पेनफोल्ड मला आता "आमच्या मिस रायमर" म्हणतात. वर्षभरापूर्वी त्यांच्या कारकुनाला माझं नावही धड लिहिता येत नव्हतं.

हे सगळं मी तुला का सांगतेय? दुसरं सांगायचं टाळतेय म्हणून.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. थिर्झानं मला काहीच सांगितलं नव्हतं. घटसर्पानं तिचा घसा एवढा सुजला होता की शेवटचे तीन दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. हे तुलाच माहीत नाही असं समजून मी लिहिलं, म्हणजे माझी अक्कल बघ.

झालं ते असं. दोन दिवसांच्या जागरणानं तू खाली खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होतीस. मी वर एकटी होते. पाण्यात बुडवून तिच्या कपाळावर फडकं ठेवत होते. समुद्राच्या बाजूच्या खिडकीतून ढगाळ दिवसाचा उजेड येत होता, मऊ, सगळीकडे सारखा पसरलेला. आम्हा चित्रं काढणाऱ्यांना असा उजेड महिन्यातून एकदा मिळतो. आणि मी पेन्सिल घेऊन तिचं चित्र काढू लागले. त्या पोरीसाठी नाही, तुझ्यासाठी नाही. उजेड चांगला होता म्हणून.

तू वर आलीस. माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघितलंस, मग थिर्झाकडे बघितलंस, आणि खुर्ची ओढून विणकाम घेऊन बसलीस. संध्याकाळी ती गेली. प्रेतयात्रेनंतर सगळी माणसं पांगली तेव्हा तू मला एवढंच विचारलंस, "तुझी गाडी किती वाजता आहे?"

आता हे मी लिहिलं. फाडायचं तर फाड.

डॉर्कस


लंडन, २० ऑक्टोबर १८७५

प्रिय केझाया,

दोन वर्षं मी नाताळाच्या कार्डाखेरीज काही पाठवलं नाही. तू तेवढंही नाही. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण तुझ्या कानावर हे दुसरीकडून जाण्याआधी माझ्याकडून जावं. कदाचित आधीच तुझ्या गल्लीच्या तोंडाशी चिकटवलंही असेल.

पेनफोल्डनी पॉली एका साबणवाल्याला विकली.

मला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. मी चित्रं दिली तेव्हाच हक्कही त्यांना लिहून दिले होते, सगळे देतात तसे. मला कळलं ते रस्त्यात. घोड्यांची बसगाडी समोरून गेली आणि तिच्या अंगावर माणसाएवढी पॉली. दात पडलेला नाही, मोजा वर ओढलेला, आणि खाली ही एवढाली अक्षरं : "पॉलीसारखे निर्मळ गाल!" मी फुटपाथवर उभीच राहिले. मागून एक कोळशाचं पोतं वाहणारा ओरडला, "बाई, गाडीत चढा तरी, नाहीतर सरका तरी!"

तशीच पेनफोल्डकडे गेले.

"मिस रायमर, आनंदाची बातमी आहे," ते म्हणाले. "तुमची पॉली आता घराघरात जाणार."

"तिचा गाल निर्मळ नव्हता."

"म्हणजे?"

"खऱ्या मुलीच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता. जबड्यापासून कानापर्यंत. तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच तर..."

"मी सुचवलं," ते अगदी शांतपणे म्हणाले. "आज्ञा केली नव्हती. मी म्हटलं, असं मूल बघून लोक पुस्तक खाली ठेवतील. पुसलं कुणी?"

केझाया, पुसलं मी. गॉस्लिंग म्हाताऱ्यांचा यात काडीचा संबंध नाही. त्यांचा हात आजही माझ्यापेक्षा स्थिर आहे. मी ठोकळ्यावर तिचा गाल काढला होता, तो डाग अगदी जसाच्या तसा, सुकलेल्या पानासारखा. पेनफोल्डनी दोन मिनिटं नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि ते वाक्य बोलले. बारा वर्षं वाट बघून हातात आलेलं पुस्तक. मी भांडले नाही. "विचार करते" सुद्धा म्हटलं नाही. तिथेच त्यांच्या टेबलाशी उभं राहून बोटाला पांढरा रंग लावला आणि डाग पुसून टाकला. अर्धं मिनिट लागलं असेल.

मग गॉस्लिंगनी तेवढी जागा कोरून खोल केली, म्हणजे छापताना तिथे शाई लागू नये. लाकूड एकदा गेलं की गेलं.

एका थकलेल्या म्हाताऱ्या माणसावर मी हे ढकललं, आणि तेही तुला लिहिलेल्या पत्रात. माझी मलाच शिसारी येते.

डॉर्कस


लंडन, ११ मार्च १८७७

प्रिय केझाया,

तुझा ओबेद माझ्याकडे आला होता. तुला सांगून आला नाही, आणि तुला सांगू नये असं त्यानं दोनदा बजावलं. पण गेल्या चार वर्षांत मी एवढं खोटं बोललेय की आता त्याचा वीट आलाय. त्याला रागावू नकोस.

दुखवट्यात घालतात त्या काळ्या दगडाच्या दागिन्यांची पेटी घेऊन तो इथल्या दुकानांकडे आला होता. खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी गुडघ्यावर. मी विचारलं, धंदा कसा आहे?

"राणीचा नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली," तो म्हणाला, "तरी बाई काळे कपडे सोडत नाही. देव तिचं भलं करो. उद्या तिनं गुलाबी झगा घातला तर अख्खं व्हिटबी उपाशी मरेल."

तुझा नवरा अजून तसाच आहे. विनोद सांगतो आणि स्वतः हसत नाही. चहा झाला, खारवलेल्या माशाचा तुकडा झाला. मग म्हणाला, "डॉर्कस, केझाया तुझ्यावर का रागावलीय असं वाटतं तुला?"

"त्या दिवशी माझ्या हातात पेन्सिल होती म्हणून."

"छे! ते तिनं केव्हाच सोडून दिलं. म्हणते, तिच्या हातात पेन्सिल होती, माझ्या हातात सुया होत्या. तशा वेळी रिकाम्या हातानं बसवतं का कुणाला?"

सहा वर्षं मी ज्या गोष्टीपायी कुढत होते ती तू दोन वाक्यांत निकालात काढली होतीस, आणि मला पत्ताच नाही.

"मग?" मी विचारलं.

तो टोपी फिरवत बसला. "तिला पोरीचा चेहरा आठवेनासा झालाय. दुकानात जावं तर पॉली. कपडे धुवायला बसावं तर साबणाच्या कागदावर पॉली. शेजारच्या पोरीच्या डब्यावर पॉली. म्हणते, डोळे मिटले की ती गुळगुळीत गालाची येते, आपली येतच नाही. आम्ही फोटो कधी काढला नाही. वाटलं होतं, सात वर्षांची झाली की काढू."

मी उठून कपाट उघडलं. केझी, मी तुला कधी सांगितलं नाही. माझ्याकडे तेवीस कागद आहेत. सगळे थिर्झाचे. ती वर्षाची असल्यापासून जेव्हा जेव्हा मी तुझ्याकडे आले तेव्हाचे. जाळ्यांच्या ढिगावर झोपलेली. मटाराच्या शेंगा सोलताना अर्धे दाणे तोंडात. रुसून भिंतीकडे तोंड करून उभी. तीन वर्षांची झाल्यानंतरच्या प्रत्येक कागदावर तो डाग आहे. तिथे पेनफोल्ड नव्हते.

ओबेदनं पहिला कागद घेतला आणि खिडकीशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मग म्हणाला, "कानाची पाळी. मी विसरलो होतो. तिच्या कानाची पाळी अशी चिकटलेली होती."

मी म्हटलं, घेऊन जा सगळे. तो म्हणाला, "मी नाही नेणार. हे तुमच्या दोघींमधलं आहे. तू पाठव."

म्हणून पाठवतेय. या पत्राबरोबरच्या पार्सलात सगळे आहेत. एक कागद मी मागे ठेवला होता, शेंगा सोलतानाचा. आज सकाळी दोरी सोडून तोही आत घातला. आता माझ्याकडे काही नाही, आणि ते बरोबरच आहे.

पार्सल उघडायची घाई करू नकोस. पण हे परत पाठवू नकोस.

डॉर्कस


लंडन, २९ जुलै १८७७

प्रिय केझाया,

पार्सल परत आलं नाही. तेवढ्यावर मी चार महिने काढले.

आता मी केलं ते सांगते. पेनफोल्ड या नाताळाला पुस्तकाची मोठी आवृत्ती काढणार आहेत, चांगला कागद, सोनेरी कडा. जुन्याच ठोकळ्यांवरून. ठोकळे साफसफाईला गॉस्लिंगच्या कारखान्यात आलेत. मी रविवारी दुपारी गेले, सगळे कारागीर प्रार्थनेला किंवा दारूच्या गुत्त्यात गेलेले असताना. म्हातारे एकटेच खिडकीशी बसून पाव खात होते.

आधी मी त्यांची माफी मागितली. "मिस्टर गॉस्लिंग, मी माझ्या बहिणीला लिहिलं होतं की डाग तुमच्या थरथरत्या हातामुळे गेला."

पावाचा घास तसाच गालात ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. मग एवढे हसले की ठसका लागला. "माझ्या नावावर खपवलंस होय? छान! पन्नास वर्षांत माझी एक रेघ चुकली नाही, आणि ही पोरगी मला व्हिटबीपर्यंत बदनाम करून आली! बरं, आता काय हवंय?"

"तो गाल परत हवाय."

त्यांचं हसू थांबलं. "पेनफोल्डना ठाऊक आहे?"

"नाही."

"मग तुझं पोट कशावर चालणार, पोरी?"

"मला हे करायचंय."

ते काही वेळ दाढी कुरवाळत बसले. म्हणाले, "मी करणार नाही. माझी तीन माणसं या कारखान्यावर जगतात. पण डाव्या हाताला माझं हत्यारांचं खोकं उघडं आहे, आणि मला जेवणानंतर डुलकी लागते. मी उठेपर्यंत इथे काय झालं ते मला माहीत नाही." आणि खुर्चीत मागे रेलून त्यांनी खरंच डोळे मिटले.

गेलेलं लाकूड परत येत नाही, पण त्या जागी आरपार भोक पाडून नवीन लाकडाची खुंटी ठोकून बसवता येते. मग ती घासून आजूबाजूच्या पातळीत आणायची आणि तिच्यावर नव्यानं कोरायचं. गालाएवढी छोटी खुंटी, माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान. छापताना सगळं उलटं उमटतं, म्हणून तिचा डावा गाल ठोकळ्यावर उजवीकडे असतो. मी आरसा समोर ठेवून तीनदा खात्री करून घेतली. कोरताना माझ्याकडे बघायला तिचं एकही चित्र नव्हतं, सगळी तुझ्याकडे. पण हाताला आठवत होतं. गॉस्लिंग मिटल्या डोळ्यांनीच एकदा म्हणाले, "कोरणी जरा आडवी धर. लाकूड नवीन आहे, फाटेल." बाकी ते झोपलेलेच होते.

चार वाजता मी शाई लावून एक छाप काढला. ती हंसामागे धावत होती, आणि तिचा गाल तिचा होता.

छाप सोबत पाठवत नाही. पुस्तकातच बघ. बघायचं असेल तर.

तुझी डॉर्कस


लंडन, १६ जानेवारी १८७८

प्रिय केझाया,

व्हायचं ते झालं. अर्ध्याहून जास्त प्रती बांधून दुकानात गेल्यावर पेनफोल्डच्या लक्षात आलं. तेही त्यांच्या स्वतःच्या नाही, साबणवाल्याच्या. तो पुस्तक नाचवत आला म्हणे, "हे काय? माझ्या साबणानं तोंड धुवून हिचं असं झालं असं लोक म्हणतील!"

मला बोलावणं आलं. पेनफोल्ड ओरडले नाहीत, ते कधी ओरडत नाहीत.

"एका श्रीमंत घरातल्या आयाबाईचं पत्र आहे. मुलगी घाबरून रडली."

"कशाला?"

"अकराव्या पानाला."

"मग तिला सांगायचं, भाजलं होतं, बरं झालं, आणि बघ कशी पळतेय."

"मिस रायमर, आम्ही पुस्तकं विकतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दयाच आली. वाईट माणूस नाही तो. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं, दुसऱ्या कुणी नव्हतं दिलं. "तुम्ही मला आधी का विचारलं नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो," ते म्हणाले. "म्हणालो असतो."

पुढची तीन पुस्तकं मला मिळणार होती, ती एका तरुण चित्रकाराला गेली. पॉलीही त्यालाच दिलीय. तो तिला गुबगुबीत काढतो. लंडनमधल्या प्रकाशकांत बातमी पसरायला आठवडा लागला नाही. रायमर बाई ठोकळ्यांत फेरफार करते, तिच्यापासून जपून.

सध्या एका बियाणंवाल्याच्या यादीसाठी भाज्या काढते. सलगम, गाजरं, सहा जातीचे कोबी. गॉस्लिंग म्हणतात, तुझा कोबी बघून भूक लागते, असं पॉलीला बघून कधी झालं नाही. सलगमाची आई पत्र पाठवत नाही, हे एक सुख. मी छत्तीसची झाले. मुलांसाठी पुन्हा काढायला मिळेल की नाही ठाऊक नाही. सकाळी उठल्यावर त्याचं वाईट वाटतं, दुपारपर्यंत विसरते.

केलं त्याचा पश्चात्ताप मात्र नाही. एवढंच कळवायचं होतं. यापुढे मी उत्तराची वाट बघत तुला छळणार नाही.

तुझी बहीण,
डॉर्कस


व्हिटबी, ३ मार्च १८७८

डॉर्कस,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. पण सुरुवात करते.

तुझं तेवीस कागदांचं पार्सल वर्षभर मी पिठाच्या पेटीमागे ठेवलं होतं. उघडलं नाही. तू लिहिलं होतंस तरी आत पुन्हा तीच पॉली निघेल याची भीती. ओबेद रोज पेटीकडे बघायचा.

दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारी मी पोस्टाशेजारच्या पुस्तकाच्या दुकानापुढून जात होते. काचेत ते सोनेरी कडांचं पुस्तक उघडून ठेवलं होतं, हंसाचं पान. मी नेहमीसारखी मान वळवून पुढे गेले, आणि मग परत आले. आत जाऊन म्हटलं, ते दाखव. दुकानातली पोर नवीन आहे, मोठी चटपटीत. म्हणाली, "ही प्रत नका घेऊ बाई, हिच्या छपाईत दोष आहे, गालावर डाग पडलाय. जुन्यातली स्वच्छ आहे ती देते."

मी म्हटलं, "दोष नाही. तिचा गाल तसाच होता. माझी मुलगी आहे ती."

सात वर्षांत हे मी मोठ्यानं बोललेच नव्हते. ती पोर बिचारी लाल झाली. मागून म्हातारी मिसेस ट्रॅटल्स आली, तिनं पुस्तक बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, थिर्झा वेल्बर्न!" तिथेच दोघी रडलो, माशांच्या टोपल्या हातात घेऊन.

घरी आले आणि पार्सल उघडलं. सगळे कागद जमिनीवर मांडले. मला चेहरा परत मिळाला, डॉर्कस. नाक, भुवई, सगळं. रुसलेला तर असा की मी "बस झालं आता" म्हणणार होते.

आता ऐक. तू मला दोन खोट्या गोष्टी कबूल केल्यास. माझी एकच आहे.

थिर्झाच्या गालावर उकळतं पाणी पडलं तेव्हा किटली तिनं ओढली नव्हती. मी सगळ्यांना तसं सांगितलं, ओबेदला, आईला, डॉक्टरला. किटली माझ्या हातात होती. थिर्झा माझ्या झग्याला लोंबकळत होती, मी चिडून झटक्यात वळले, आणि पाणी तिच्यावर. जाणूनबुजून नाही, पण चिडून. मी घाबरून म्हटलं, हिनं ओढली. तीन वर्षांची पोर, तिला काय आठवणार? पुढे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, "मी वांडपणा केला, मी किटली ओढली." गल्लीतल्या बायका आपल्या पोरांना म्हणायच्या, थिर्झासारखं चुलीपाशी जाऊ नका. आणि मी गप्प बसायची. म्हटलं, मोठी झाली की सांगू.

पॉलीचा गुळगुळीत गाल मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हायसं वाटलं. क्षणभरच. जणू काही घडलंच नव्हतं. तसं वाटल्याबद्दल मला स्वतःला माफ करता येईना, म्हणून मी तुला केलं नाही. हे न्यायाचं नव्हतं, मला कळत होतं.

त्या रविवारी ओबेदला सांगितलं. त्यानं बूट घातले आणि बंदरावर निघून गेला. मला वाटलं, संपलं. जेवायच्या वेळेला परत आला, हात धुतले आणि म्हणाला, "मटण निवतंय, बस." मग जेवताना एकदा माझ्या मनगटावर हात ठेवला.

तेव्हापासून मी सांगत सुटलेय. हेप्झिबा मावशीला सांगितलं. पाद्र्याला सांगितलं. मिसेस ट्रॅटल्सला सांगितलं, म्हणजे आता धक्क्यावरच्या प्रत्येक बाईला कळलं. काही जणी तोंड फिरवतात. फिरवू देत. रूथलाही तिला समजेल तसं सांगितलंय. तिनं विचारलं, मग तिला उगाच बोलायचे? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बिचारी.

तुला सगळ्यांच्या शेवटी सांगतेय, कारण तुझ्यापुढे लाज जास्त वाटत होती. थिर्झावरचा आळ आता या गावात उरलेला नाही.

ईस्टरला ये. भाज्या राहू देत, त्या पुन्हा कधीतरी काढ.

केझाया